लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड बदलता येतं का? आधी टास्क मॅनेजर उघडा

"मना लॅपटॉपमा ग्राफिक कार्ड बसी का भो?"

इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की शिरपूर, शिंदखेडा, साक्रीकडची पोरं हे विचारत येतात. लग्नसराई लागली की व्हिडिओ मिक्सिंगवाले येतात, त्यांचाही प्रश्न हाच. धुळ्यात आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: जवळपास कुठल्याच लॅपटॉपमध्ये नाही बसत. पण मी गिऱ्हाइकाला तेवढ्यावर उठू देत नाही. गेम अडकतो की रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, रात्र जाते, ते आधी विचारतो. त्यावर बऱ्याचदा इलाज निघतो, आणि तो कार्डापेक्षा स्वस्त असतो.

तुमच्याकडे आत्ता काय आहे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि डावीकडची यादी खालपर्यंत बघा. फक्त जीपीयू ० (जीपीयू म्हणजे ग्राफिक चिप) दिसत असेल आणि त्याच्यापुढे इंटेल यूएचडी, आयरिस एक्सई किंवा नुसतं एएमडी रेडिऑन ग्राफिक्स लिहिलं असेल, तर तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. वेगळं कार्ड नाही. जीपीयू १ सुद्धा असेल आणि तिथे जीफोर्स, जीटीएक्स, आरटीएक्स किंवा रेडिऑन आरएक्स असं नाव असेल, तर वेगळी चिप आहे.

इथे एक फसगत होते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधून उसनी घेतं. विंडोज साधारण निम्मी रॅम 'शेअर्ड' म्हणून दाखवतं. म्हणजे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये ३.९ जीबी शेअर्ड जीपीयू मेमरी दिसते. जुना लॅपटॉप विकणारा हाच आकडा दाखवून "चार जीबीचं ग्राफिक कार्ड आहे" म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. तुम्ही 'डेडिकेटेड' नावाची ओळ बघा. तिथे १२८ एमबी किंवा ५१२ एमबी असलं किरकोळ काही असेल, तर कार्ड नाही, विषय संपला.

का बसत नाही

डेस्कटॉपचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचलेलं असतं. एक स्क्रू काढला, क्लिप दाबली की हातात. लॅपटॉपची ग्राफिक चिप मात्र बोर्डला खालून शेकडो बारीक सोल्डरच्या गोळ्यांनी चिकटवलेली असते. तिच्याभोवतीच्या मेमरी चिप्सही तशाच. आता कुणी म्हणेल, सोल्डरच आहे ना, उचला आणि दुसरी लावा. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं आणि बीजीए मशीन (अशा चिप तापवून काढायचं यंत्र) असलेला माणूस चिप उचलतोही. पण त्या जागी वरच्या दर्जाची चिप बसत नाही. खालच्या गोळ्यांची मांडणी वेगळी, तिला लागणारी मेमरी वेगळी, तिला वीज पुरवणारं सर्किट बोर्डवर तेवढ्या ताकदीचं नाही, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) तिला ओळखत नाही, वरची तांब्याची नळी तिची उष्णता ओढू शकत नाही, आणि चार्जर ६५ वॉटचा. यातल्या एकाची सोय केली तरी बाकीचे आडवे येतात.

म्हणून कुणी "चिप बदलून मोठं ग्राफिक टाकून देतो" म्हणालं तर लॅपटॉप उचला आणि निघा. तीच, त्याच नंबरची चिप बदलणं ही दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे. ती करणारे हुशार कारागीर आहेत. पण 'चिप हीट मारून' दिलेला लॅपटॉप काही आठवडे चालतो आणि पुन्हा काळी स्क्रीन देतो. मोठ्या शहरातून असा 'दुरुस्त' होऊन आलेला माल माझ्या टेबलावर नेहमी येतो.

एक आडवाट आहे, बोर्डच बदलण्याची. पुष्कळ मॉडेल एकाच बॉडीत दोन प्रकारे निघतात. एक बिनाग्राफिकचं, त्याला आम्ही यूएमए बोर्ड म्हणतो, आणि दुसरं ग्राफिकचं. ग्राफिकचा बोर्ड मिळाला तर तो त्याच बॉडीत बसतो. मात्र त्यासोबत हीटसिंकही (चिपची उष्णता ओढणारा भाग) त्याचाच लागतो, कारण यूएमएच्या हीटसिंकमध्ये ग्राफिक चिपवर बसणारा भागच नसतो. कधी दुसरा पंखाही लागतो, आणि मोठा चार्जर लागतोच. जुन्या बोर्डला जोडलेलं विंडोजचं लायसन्सही नव्या बोर्डवर आपोआप येत नाही. एवढं करून मिळतं काय, तर त्याच पिढीची लहानशी चिप. बोर्ड मुळातच मेला असेल आणि बदलायचाच असेल, तेव्हा ग्राफिकचा मिळाला तर घ्या. चालत्या लॅपटॉपला हे करायला मी कुणाला सांगत नाही.

ज्यांच्यात खरंच बदलतं

काही जाड, वजनदार वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड वेगळ्या पट्टीवर येतं. त्या पद्धतीचं नाव एमएक्सएम. डेलचे प्रिसिजन एम४८०० आणि एम६८००, एचपीचे एलिटबुक ८५७०डब्ल्यू, ८७७०डब्ल्यू आणि झेडबुक १५ व १७ चे पहिले अवतार, हे त्यातले. कंपन्यांतून निघालेला हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारामार्गे आपल्याकडेही येतो. कार्ड दोन मापांचं असतं. ए प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटर, बी प्रकार ८२ बाय १०५. ए साठी केलेल्या जागेत बी मावत नाही.

मावलं तरी खेळ संपत नाही. बायोस नवीन कार्ड नाकारतं आणि बीप देत बसतं. हीटसिंकचे स्क्रू जुळले तरी मेमरी चिप्सची उंची जुळत नाही, मग थर्मल पॅड कापून बसवावे लागतात. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कधी हाताने फाइल बदलून घालावा लागतो. आणि या लॅपटॉपमध्ये मुळात आलेली, एनव्हिडिया या ग्राफिक चिप बनवणाऱ्या कंपनीच्या क्वाड्रो के मालिकेतली बरीच कार्डं केप्लर पिढीची आहेत. त्या पिढीला एनव्हिडियाने २०२१ मध्ये नव्या ड्रायव्हरमधून वगळलं. हौस असेल, दुसरा लॅपटॉप हाताशी असेल, तर करा. ज्याच्यावर पोट आहे त्या मशीनवर नको.

नव्या जमान्यात फ्रेमवर्क नावाच्या कंपनीचा १६ इंची लॅपटॉप निघाला. त्याच्या मागच्या बाजूला ग्राफिकचा अख्खा डबा काढता-घालता येतो. आधी रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, २०२५ मध्ये त्याच जागेत बसणारं आरटीएक्स ५०७० त्यांनी आणलं. काम असंच हवं. पण धुळे-जळगावच्या दुकानात तो मी अजून पाहिलेला नाही.

बाहेरून कार्ड जोडणं

याला ईजीपीयू म्हणतात. डेस्कटॉपचं कार्ड एका डब्यात, डब्याला स्वतःचा पॉवर सप्लाय, आणि डब्यातून एक केबल लॅपटॉपला. त्यासाठी लॅपटॉपला थंडरबोल्ट ३, ४ किंवा त्याच्या तोडीचा यूएसबी ४ पोर्ट हवा. टाइप-सी पोर्टशेजारी विजेचं छोटं चिन्ह छापलंय का ते बघा. नुसतं टाइप-सी असून भागत नाही. कित्येक लॅपटॉपमध्ये तो पोर्ट चार्जिंग आणि पेनड्राइव्हपुरताच असतो. अॅपलच्या एम१ आणि त्यापुढच्या मॅकबुकला पोर्ट असूनही गेमिंगसाठी बाहेरचं कार्ड जोडता येत नाही, तेव्हा मॅकवाल्यांनी हा भाग सोडून द्यावा.

थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट. ऐकायला मोठा, पण कार्डाच्या वाट्याला डेटा वाहणाऱ्या चार लेनच येतात, डेस्कटॉपमध्ये सोळा असतात. त्यामुळे तेच कार्ड डेस्कटॉपपेक्षा कमी काम देतं. त्यात चित्र परत लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणलं तर त्याच केबलवर दोन्ही बाजूंची गर्दी होते. मॉनिटर सरळ कार्डाला जोडला तर नुकसान बरंच कमी होतं.

स्वस्तातला प्रकारही आहे. लॅपटॉपचा एसएसडीचा एम.२ स्लॉट मोकळा करून त्यात अॅडॅप्टर लावायचा, केबल बाहेर काढायची, आणि कार्डाला डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, जोडायचा. चालतं. पण खालचं झाकण कायम उघडं, केबल लोंबती, आणि घरात लहान पोरं असतील तर विचारूच नका.

खान्देशात मी यात आणखी एक गोष्ट धरतो, लाइट. लॅपटॉपला बॅटरी आहे, डब्याला नाही. रेंडर चालू असताना वीज गेली की लॅपटॉप जिवंत आणि कार्ड गायब. विंडोज तिथेच आडवं पडतं. म्हणजे डब्यासाठी यूपीएस आला. डबा, कार्ड, मॉनिटर, यूपीएस अशी बेरीज केली की डेस्कटॉपचा बराच भाग त्यात निघतो. म्हणून माझ्याकडून कुणी ईजीपीयू नेलेलं नाही, मीच नेऊ देत नाही.

मग करायचं काय

पहिलं बघायचं ते रॅम. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमवर जगतं हे वर आलंच. रॅमची एकच पट्टी असेल तर त्याला एकेरी रस्ता मिळतो, दोन असतील तर दुहेरी. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचे आय५, आय७ घेतले तर आयरिस एक्सई नाव मिळवायलाच ड्युअल चॅनेल रॅम लागते. एकच पट्टी असली की तेच ग्राफिक्स डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं यूएचडी म्हणून दिसतं आणि तसंच वागतं. मी दुसरी पट्टी लावतो, लॅपटॉप चालू करतो, आणि गिऱ्हाइकासमोर नाव बदललेलं दाखवतो. लोकांना वाटतं मी काही सॉफ्टवेअर टाकलं. गेमच्या फ्रेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करून 'स्लॉट्स यूज्ड' बघा. २ पैकी १ असेल तर तुमचा अपग्रेड तिथेच पडलाय. नवीन पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५ ते नक्की करा, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही बोर्डलाच चिकटवलेली असते, तिथे मात्र हात टेकायचे.

दुसरं, उष्णता. लॅपटॉप कंपन्या कागदावर बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या हवेत मशीन वापरा असं लिहितात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी किती असतं ते मी सांगायला नको. बाहेरच चाळिशी ओलांडलेली असते. ग्राफिक चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. लोक म्हणतात, हिवाळ्यात गेम नीट चालायचा, आता कार्ड कमी पडतंय. कार्ड तेच आहे, त्याला श्वास नाही. जिनिंगजवळच्या घरातला लॅपटॉप उघडला की पंख्याच्या जाळीवर कापसाचा नमदा बसलेला असतो. दोंडाईचा-नंदुरबारकडच्या मिरची व्यापाऱ्यांच्या मशीनमधून लाल धूळ निघते. ती साफ करताना मी तोंडाला रुमाल बांधतो, दुकानातला पोरगा बाहेर पळतो. वर्षातून एकदा, होळीच्या सुमाराला, पंखा साफ आणि थर्मल पेस्ट नवी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं जोरात फिरून खराब होतं. आणि लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे कण असतात, आपल्या पाण्यात क्षार, आणि ते बोर्डवर सुकले की मग खरंच माझं गिऱ्हाईक होता तुम्ही.

वेगळी चिप असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी तपासा. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तुमच्या गेमला किंवा सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' लावा. कधी कधी आरटीएक्स घरात झोपलेलं असतं आणि सगळं काम इंटेल ओढत असतं. आणि लॅपटॉपसोबत आलेलाच चार्जर वापरा. १८० वॉटच्या मशीनला भावाचा ६५ वॉटचा चार्जर लावला तर बॅटरी भरेल, पण ग्राफिक अर्ध्यावर चालेल.

व्हिडिओवाल्यांसाठी जरा सविस्तर. साक्रीकडचा एक फोटोग्राफर लॅपटॉप विकायला निघाला होता, कारण नव्या कॅमेऱ्याचं फुटेज टाइमलाइनवर अडखळत होतं. त्याच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड होतं, तरी. कारण असं: नवे कॅमेरे एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ अशा घट्ट दाबलेल्या प्रकारात चित्रीकरण करतात. हे उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये मात्र आहे, तिला क्विक सिंक म्हणतात. म्हणजे ज्याला लोक 'बिनकामाचं ऑनबोर्ड' म्हणतात तेच इथे कामाला येतं. सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेल चालू आहे का ते बघा. प्रोसेसर जुना असेल तर प्रॉक्सी बनवा: सॉफ्टवेअर मूळ फुटेजची हलकी नक्कल तयार करतं, कापाकापी तिच्यावर करायची, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं शूटिंग अशा रीतीने जुन्या मशीनवरही निघतं. प्रॉक्सी रात्री बनायला लावून झोपायचं.

सिव्हिलची पोरं ऑटोकॅड म्हणतात. टूडी ड्रॉइंगला ग्राफिकपेक्षा प्रोसेसरचा एका कोरचा वेग आणि रॅम जास्त लागते. रेव्हिट आणि थ्रीडी रेंडरची गोष्ट वेगळी. एआय शिकणाऱ्यांनी आधी गुगल कोलॅब उघडावं. तिथे फुकट खात्यावरही बऱ्याचदा १६ जीबी मेमरीचं टी४ कार्ड मिळतं. वेळेची मर्यादा आहे, नेहमी मिळेल असं नाही, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला भरपूर झालं.

तरीही कार्डच हवं असेल तर

लॅपटॉप राहू द्या आणि घरी एक जुना ऑफिसचा डेस्कटॉप आणा. कंपन्यांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क सगळीकडे मिळतात. त्यांचा एसएमपीएस लहान असतो, कार्डाला वेगळी वायर देता येत नाही. पण मदरबोर्डचा मोठा स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देतो, आणि तेवढ्यात भागणारी कार्डं आहेत. जीटीएक्स १६५० ची बिनवायरची मॉडेलं आणि २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॉटचं. तेच कार्ड ८ जीबीचं घ्याल तर वायर लागेल, तेव्हा खोक्यावर नीट वाचा. डबा चपटा असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे बुटकं कार्ड लागतं. उंच टॉवर असेल तर साधं चालतं. आरएक्स ६४०० वीज कमी खातं पण त्याला चारच लेन आहेत, जुन्या बोर्डवर ते मार खातं. मी ते देत नाही.

सेकंड हँड कार्ड घेताना जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली नकली कार्डं बाजारात फिरतात, हे सॉफ्टवेअर त्यांच्या नावाआधी 'फेक' असं लिहून दाखवतं.

आणि लॅपटॉपच नवा घ्यायचा ठरला असेल, तर नुसत्या नावावर जाऊ नका. आरटीएक्स ३०६० डेस्कटॉपमध्ये १२ जीबी आणि १७० वॉटचं आहे, लॅपटॉपमध्ये तेच नाव ६ जीबी आणि ६० ते ११५ वॉटमध्ये येतं. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० तर ३५ पासून ११५ वॉटपर्यंत काहीही असू शकतं. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ३५ वॉटचं ४०६० हे जाड्या मशीनमधल्या पूर्ण वॉटच्या ४०५० पुढेही दमतं. दुकानदाराला टीजीपी, म्हणजे ग्राफिकला मिळणारे वॉट, किती ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर डेमो मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन, आणि तिथली मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरची ओळ वाचा. सोबत रॅमचे स्लॉट किती आणि त्यातला मोकळा कुठला, हेही तिथेच उभ्याउभ्या बघून घ्या. दुकानात एसी असेल तर लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज ऐकून काही कळणार नाही, तेव्हा परतीची मुदत किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या आणि घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी, पंख्याखाली, तासभर तुमचाच गेम किंवा तुमचाच प्रोजेक्ट चालवा.